हृदयाचा धोका सांगणारे मॉडेल बायांना चुकवते का? तपासणीची कृती

वय, बीपी, साखर, ईसीजी अशी माहिती घेऊन ‘या माणसाला पुढे झटका येण्याची शक्यता किती’ हे सांगणारी संगणकी मॉडेल आता आपल्याकडेही येऊ लागली आहेत. अपोलो रुग्णालय समूह आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१८ मध्येच सुमारे चार लाख रुग्णांच्या नोंदींवर बेतलेला असा धोका-गुण जाहीर केला होता. उद्या गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात, शिबिरात किंवा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात असे मॉडेल येईल, तेव्हा त्याच्यासोबत ‘अचूकता ९० टक्के’ असा एक आकडा येईल. तो आकडा बायांच्या बाबतीत किती खरा आहे, हे मॉडेल वापरायच्या आधी तपासायची ही कृती आहे. वैद्यकीय अधिकारी, डेटा सांभाळणारे कर्मचारी आणि अभियांत्रिकी-वैद्यकीयचे विद्यार्थी, कोणीही ती करू शकेल. मोठा संगणक लागत नाही, स्प्रेडशीट पुरते.

जमवाजमव

असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीची यादी घ्या, त्यातल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले याची नोंद घ्या आणि तीन माणसे बसवा: एक डॉक्टर, एक आकडेमोड जाणणारा आणि गावात रोज फिरणारी एक आशाताई किंवा एएनएम. तिसरीला वगळू नका. रकान्यातला आकडा खरोखर मोजून भरला की अंदाजाने, हे तिलाच ठाऊक असते.

यादीला हात लावण्याआधी नैतिक समितीची लेखी परवानगी घ्या. आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये आली आणि डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षी झाला. निरनिराळ्या नोंदी एकमेकींना जोडून झाल्या की नाव, मोबाइल नंबर, आधार आणि आभा क्रमांक पुसून टाका. गावाचे नावही काढा, फक्त तालुका ठेवा. सालेकसा-देवरीकडच्या लहानशा टोल्यात ‘५२ वर्षे, स्त्री, झटका’ एवढ्या तीन नोंदींवरून बाई ओळखू येते.

पहिले काम: डोकी मोजणे

यादीत बाया किती, पुरुष किती ते मोजा. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात ६,६१,५५४ पुरुष आणि ६,६०,९५३ स्त्रिया होत्या. हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया. राज्याचा आकडा तेव्हा ९२९ होता. जिल्ह्यात दोघे निम्मे निम्मे आहेत, मग तुमच्या यादीत बाया तीस टक्केच असतील तर उरलेल्या कुठे गेल्या, हा प्रश्न तिथेच विचारला पाहिजे. भारतातल्या झटक्याच्या मोठ्या नोंदी पाहिल्या, म्हणजे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘क्रिएट’ नोंदणी किंवा केरळातली नोंदणी, तर दोन्हींत तीन चतुर्थांशाहून अधिक रुग्ण पुरुष आहेत. शहरी रुग्णालयांच्या नोंदींवर शिकलेले मॉडेल बहुतांशी पुरुषांचे हृदय पाहून शिकलेले असते.

नुसत्या एकूण संख्येवर थांबू नका, दहा-दहा वर्षांचे वयोगट पाडून पुन्हा मोजा. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासात पहिला झटका येण्याचे मधले वय पुरुषांत ५६ आणि स्त्रियांत ६५ निघाले. यादी साठीपाशी थांबत असेल, तर पुरुषांचे झटके तिच्यात आले आणि बायांचे यायच्या आधीच वही मिटली, असे होते. असे मॉडेल ‘बाई म्हणजे धोका कमी’ एवढेच शिकते. लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ असलेली माणसे संख्येने फार थोडी असतील. त्यांना दोन्हीपैकी एका गटात ढकलू नका, त्यांचा निर्णय डॉक्टरांनी मॉडेलविना करावा.

नोंदणी कोणत्या महिन्यात झाली तेही पाहा. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीत वाकलेल्या असतात. त्या दिवसांत दुपारी घेतलेल्या शिबिरात घरी असणारी म्हातारी माणसे तेवढी येतात. ज्या बाईचा दिवस सर्वांत कष्टाचा, तीच यादीत नसते.

दुसरे काम: ‘हृदयविकार’ असे कोणी ठरवले?

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. मॉडेलला उत्तर म्हणून जे दिले जाते, तेच ते खरे मानून शिकते. उत्तरच अर्धवट असेल तर पुढचे गणित कितीही बारीक केले तरी उपयोग नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले अँजिओप्लास्टीचे दावे हे उत्तर म्हणून घेतले, असे समजा. तो आजाराचा आकडा नव्हे, उपचारापर्यंत पोहोचलेल्यांचा आकडा आहे. छातीत दडपण, पाठ-जबडा दुखणे, धाप, मळमळ, घाम या सगळ्याला ‘गॅस झाला’ म्हणून घरी ओवा-सोडा घेणारी बाई त्या आकड्यात येतच नाही. छातीत दुखणे हे दोघांतही सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे. पण बायांमध्ये त्यासोबत इतर लक्षणे जास्त असतात आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तिकडे वळते.

रक्ताची तपासणीही तटस्थ असतेच असे नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची एकच मर्यादा दोघांना लावायची ही जुनी पद्धत. एडिंबराच्या डॉक्टरांनी संवेदनशील चाचणी घेऊन पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना १६ नॅनोग्रॅम प्रतिलिटर अशा वेगळ्या मर्यादा लावल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, छातीत दुखते म्हणून आलेल्या स्त्रियांपैकी झटक्याचे निदान होणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते १९ चे २१ झाले. त्याच बाया, तेच रक्त; जुन्या मर्यादेने झटका आलेल्यांपैकी निम्म्या निरोगी ठरल्या असत्या आणि जुन्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलने त्यांना निरोगीच मानले असते.

मृत्यूचेही तसेच. देशात वैद्यकीय कारण नोंदवलेल्या मृत्यूंत पाचांपैकी तीनहून अधिक पुरुष असतात. घरी गेलेल्या बाईच्या नावापुढे ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते. यावरचा उपाय शेजारच्या गडचिरोलीने दाखवला आहे. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना लक्षणे विचारून मृत्यूची कारणे ठरवली. पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण, १४.३ टक्के, हे त्यातून निघाले. दवाखान्याच्या कागदांवरून ते कळले नसते.

तुम्ही असे करा. उत्तराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: ‘हे कशावरून कळले?’ त्यात ईसीजी, ट्रोपोनिन, अँजिओग्राफी, योजनेचा दावा, नातेवाइकांची चौकशी, काहीच नाही, यांपैकी एक भरा. मग हा रकाना बाया आणि पुरुष वेगळे करून पाहा. पुरुषांच्या नावापुढे अँजिओग्राफी आणि बायांच्या नावापुढे ‘काहीच नाही’ अशी रांग दिसली, तर पुढची तपासणी थांबवा आणि निदान एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत गेल्या वर्षीच्या चाळिशीपुढच्या सगळ्या मृत्यूंची घरोघरी चौकशी आधी करा.

तिसरे काम: सराव

आपल्या यादीवर जाण्याआधी इंटरनेटवर सर्वांना मिळणाऱ्या, रुग्णांच्या नोंदींच्या दोन संचांवर हात बसवा. अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत हेच दोन संच फिरत असतात.

पहिला फैसलाबादचा. हृदय कमकुवत झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या २९९ रुग्णांच्या २०१५ मधल्या नोंदी. १९४ पुरुष, १०५ स्त्रिया. पाठपुराव्यात ६२ पुरुष आणि ३४ स्त्रिया गेल्या. दोन्हीकडे प्रमाण सुमारे ३२ टक्के, म्हणजे मृत्यूने दोघांत फरक केला नाही. मॉडेलने मात्र केला: इझाबेल स्ट्रॉ आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत १६ पैकी १३ प्रयोगांत स्त्रियांचा धोका हुकण्याचे प्रमाण जास्त निघाले. या संचात धूम्रपान करणाऱ्या ९६ जणांत स्त्रिया फक्त ४ आहेत. त्या चौघींवरून बाईच्या तंबाखूबद्दल काय शिकणार?

हा संच नेहमीप्रमाणे ८० आणि २० टक्क्यांत विभागा. तपासणीच्या भागात ६० जण येतील, त्यात बाया सुमारे २१ आणि मृत्यू झालेल्या सुमारे ७. एक बाई इकडची तिकडे झाली की टक्का १४ ने हलतो. म्हणून एकदाच विभागून निकाल सांगू नका. लिंग आणि निकाल दोन्हींचे प्रमाण राखून पुन:पुन्हा विभागा आणि निकालाचा पल्ला सांगा.

दुसरा क्लीव्हलँडचा, ३०३ जणांचा. त्यात २०६ पुरुषांपैकी ११४ आणि ९७ स्त्रियांपैकी २५ जणींना आजार आहे. कॅगल या डेटाच्या संकेतस्थळावर फिरणाऱ्या याच्या एका प्रतीत मात्र निकालाचा रकाना उलटा आहे. तिथे १ म्हणजे निरोगी. पण वाचणारा १ म्हणजे आजारी समजतो आणि ९६ पैकी ७२ स्त्रिया आजारी दिसतात. त्या प्रतीवर केलेला प्रकल्प ‘स्त्रियांत हृदयविकार पुरुषांपेक्षा जास्त’ असा निष्कर्ष बेधडक काढू शकतो. मॉडेल चालवण्याआधी लिंगानुसार साधी बेरीज केली, तर ही चूक पाच मिनिटांत सापडते. ती बेरीज केल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढाच या सरावाचा हेतू.

चौथे काम: चौकट मांडणे

आता आपली यादी. मॉडेलने कधीही न पाहिलेल्या लोकांवर ते चालवा आणि बायांची एक, पुरुषांची एक अशा दोन वेगळ्या चौकटी मांडा: किती रुग्ण ओळखले, किती हुकले, किती निरोगींना उगाच धोक्यात टाकले. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा ६०० पुरुष आणि ४०० बाया आहेत. झटका ६० पुरुषांना आणि २० बायांना आला. मॉडेलने ६० पैकी ४८ पुरुष ओळखले आणि ५४ निरोगी पुरुषांना उगाच धोक्यात टाकले. बायांमध्ये २० पैकी ११ ओळखल्या आणि १९ निरोगी बायांना धोक्यात टाकले. एकूण अचूकता ९०.६ टक्के. पुरुषांत ८९ आणि बायांत तर ९३! कागदावर मॉडेल बायांसाठी जास्त चांगले दिसते. प्रत्यक्षात ते पुरुषांतले ८० टक्के रुग्ण पकडते आणि बायांतले ५५. झटका येणाऱ्या २० बायांपैकी ९ घरी पाठवल्या गेल्या. आणि ‘एकाही बाईला झटका येणार नाही’ असे सरसकट सांगणारे मॉडेल? त्याची बायांतली अचूकता ९५ टक्के भरते. आजार विरळ असला की निरोगींची गर्दीच आकडा फुगवते. म्हणून अचूकता हा आकडा या कामासाठी कुचकामी आहे. पाहायचे ते ‘झटका आलेल्यांपैकी किती हुकले’, आणि तेही बायांचे वेगळे.

टक्क्यासोबत त्याचा पल्लाही लिहा. २० पैकी ११ म्हणजे ५५ टक्के. पण एवढ्या थोड्या बायांवरून खरा आकडा ३४ ते ७४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुरुषांचा पल्ला ६८ ते ८८. दोन्ही पल्ले एकमेकांत शिरतात, म्हणून ‘फरक सिद्ध नाही’ असे कोणी म्हणेल. पण पल्ले एकमेकांत शिरले म्हणून फरक नाही असे ठरत नाही, आणि समानताही सिद्ध होत नाही. बाया कमी नोंदवायच्या आणि मग पुरावा कमी आहे म्हणायचे, हे चालू देऊ नका. अशा वेळी आणखी नोंदी गोळा करायच्या.

एक शेवटची मांडणी उरते. मॉडेलने ज्या बायांना ‘१० टक्के धोका’ सांगितला, त्यांच्यातल्या शंभरांत खरोखर दहाच जणींना झटका आला का? वीस जणींना आला असेल, तर मॉडेल बायांचा धोका निम्माच सांगते आहे.

पाचवे काम: मोजमापांच्या मर्यादा

डॉक्टरांना सोबत घेऊन प्रत्येक रकाना वाचा. ईसीजीत व्ही-२, व्ही-३ या लीडमध्ये एसटी किती वर गेला म्हणजे झटका मानायचा? चाळिशीपुढच्या पुरुषात २ मिलिमीटर, तरुण पुरुषात २.५, स्त्रीत १.५. क्यूटीचा काळ स्त्रियांत मुळातच थोडा लांब असतो. स्नायू कमी असल्याने बाईचे क्रिएटिनिन कमी असते; पुरुषाला ठीक असलेला आकडा तिच्या बाबतीत मूत्रपिंड बिघडल्याची खूण असू शकतो. हिमोग्लोबिनची मर्यादा पुरुषांना १३, स्त्रियांना १२. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. आपल्या भागात सिकलसेलही आहे. धाप रक्त कमी असल्याने लागते की हृदयाने, हे मॉडेलला हिमोग्लोबिनशिवाय कळणार नाही.

ईसीजी काढतानाची एक गोष्ट नर्सताईंना विचारा. लाजेने पदर आड येतो, खोलीला पडदा नसतो, घाईत छातीवरची बटणे खाली-वर लागतात आणि आलेख बदलतो. इथे मॉडेल दुरुस्त करून उपयोग नाही, खोलीला पडदा लावावा लागतो.

लिंगाचा रकानाच काढून टाकला तर पक्षपात जाईल, असे पुष्कळांना वाटते. जात नाही. उंची, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांवरून मॉडेलला लिंगाचा अंदाज येतोच. शिवाय तुमच्या हातून तपासणीचे साधन जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये काढलेल्या धोका-तक्त्यांत स्त्री-पुरुषांचे तक्ते मुद्दाम वेगळे आहेत.

सहावे काम: आशाताईंच्या फॉर्मला जोड

असंसर्गजन्य आजारांचा धोका तपासणारा सीबॅक फॉर्म आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात. कमरेच्या घेरासाठी त्यात स्त्री-पुरुषांना वेगळ्या मर्यादा आहेत: बाईला ८० सेंटिमीटरपुढे गुण लागतो, पुरुषाला ९० पुढे. हे चांगले आहे. चुलीच्या इंधनाचाही प्रश्न त्यात आहे; पण तो फुप्फुसाच्या आजारासाठी वेगळ्या भागात असल्याने ४ पेक्षा जास्त गुण आले की पुढे पाठवा, या बेरजेत धरला जात नाही. मॉडेलसाठी तो रकाना आवर्जून घ्या. वर्षानुवर्षे चुलीचा धूर हृदयालाही लागतो आणि तो घेते बाईच.

त्याशिवाय हे प्रश्न जोडा. बाळंतपणात बीपी वाढला होता का, फिट आली होती का? गरोदरपणात साखर निघाली होती का? दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले का? पाळी कोणत्या वयात थांबली, की गर्भपिशवी काढली? गरोदरपणात बीपी वाढण्याच्या प्रीएक्लॅम्पशिया या आजाराने पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. तो प्रश्न न विचारणारे मॉडेल बाईच्या धोक्याची सर्वांत जुनी खूण सोडून देते. बाईला आठवत नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड मागा. कित्येक घरांत ते ट्रंकेत जपून ठेवलेले असते. गोंदिया शहरात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय वेगळे आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय वेगळे, अशी जुनी व्यवस्था आहे. बाळंतपणाचा कागद एकीकडे आणि छातीच्या दुखण्याचा दुसरीकडे. अशा नोंदी जोडल्याशिवाय बाईची गोष्ट पूर्ण होत नाही.

तंबाखूचा प्रश्न ‘बिडी-सिगारेट ओढता का’ असा विचारला तर बाई नाही म्हणेल आणि खरेच सांगेल. खर्रा, नस, गुडाखू यांची नावे घेऊन विचारा, तेही सासू-सासऱ्यांच्या समोर नाही.

सातवे काम: दुरुस्ती

क्रम असा ठेवा: आधी नोंदी, मग उंबरठा, शेवटी मॉडेल. बाया कमी आहेत म्हणून संगणकाकडून कृत्रिम नोंदी तयार करून संख्या समान करायची पद्धत आहे. ती होता होईल तो टाळा. आहेत त्याच थोड्या बायांच्या त्या आवृत्त्या असतात, सालेकशाची न आलेली बाई त्यात उगवत नाही.

‘या आकड्यापुढे धोका मानायचा’ हा उंबरठा बायांसाठी वेगळा ठरवा. वरच्याच उदाहरणात तो खाली आणल्यावर ११ ऐवजी १६ बाया ओळखल्या गेल्या आणि उगाच धोक्यात टाकलेल्या १९ च्या ५७ झाल्या, असे समजा. म्हणजे ४३ बायांचा जादा ईसीजी, त्यातल्या ५ खरोखर धोक्यातल्या. ईसीजीसाठी बाईची एक दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे लागते. हा भार खरा आहे. माझ्या मते पाच जिवांपुढे तो उचलण्याजोगा आहे, आणि ईसीजी गावाजवळ आणून तो कमीही करता येतो. पण हा निर्णय आकडेमोड करणाऱ्याने एकट्याने घेऊ नये. वैद्यकीय अधिकारी आणि गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतल्या बाया यांच्यासमोर दोन्ही आकडे ठेवून ठरवा. ज्या यादीवर उंबरठा ठरवला, त्याच यादीवर त्याची परीक्षा घेऊ नका. नवीन यादी घ्या.

इतके करूनही फरक उरला, तर स्त्रियांसाठी वेगळे मॉडेल बांधा किंवा एकाच मॉडेलमध्ये लिंग आणि वय, लिंग आणि बीपी यांचा एकत्रित परिणाम धरा.

सुरू केल्यानंतर

दर तीन महिन्यांनी, मॉडेलने ‘धोका नाही’ म्हटलेल्या पण पुढे झटका किंवा पक्षाघात झालेल्या बायांची यादी काढा. प्रत्येकीचा कागद उघडून कोणता रकाना रिकामा होता ते लिहा. पाठपुराव्याची वही कशी ठेवावी, हे भंडाऱ्याकडून शिकता येईल. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये तो होता आणि तिथे प्रत्येक रुग्णाचा बीपी भेटीगणिक नोंदवण्याची पद्धत बसवली गेली.

जिल्ह्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि खरेदी समितीवर बसणाऱ्यांना विनंती एवढीच की निविदेत एक अट घाला. मॉडेल विकणाऱ्याने बायांची आणि पुरुषांची चौकट वेगवेगळी द्यावी, त्यात झटका आलेल्यांपैकी किती हुकले ते लिहावे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या नोंदींवर ते करून दाखवावे. बायांची चौकट मिळाली नाही, तर ते मॉडेल घेऊ नका.